शेडमधल्या पक्ष्यांचं काय, आणि पुण्यातल्या लेकीचं काय?

एका आईचं पत्र:

"आमचं गाव विट्याजवळ आहे. सहा वर्षांपूर्वी कर्ज काढून पाच हजार पक्ष्यांचं ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचं, शेड बांधलं. पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, लाईट, पाणी आणि मेहनत आमची. त्याच पैशावर मुलगी पुण्यात शिकते. गेल्या वर्षी तिनं मटण, चिकन, अंडी सगळं सोडलं. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, 'आई, त्या पक्ष्यांचे हाल करून आलेल्या पैशावर शिकायची मला लाज वाटते.' तिचे वडील भडकले. 'आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या खातात, ही आपली संस्कृती आहे, तू काय माळकरी झालीस का?' असं म्हणाले. आता ती म्हणते, चैत्रातल्या जत्रेला घरी बोकड पडणार असेल तर मी येणार नाही. खरं सांगू का, लिफ्टिंगच्या रात्री, म्हणजे वाढलेले पक्षी उचलून न्यायला गाडी येते तेव्हा, मीसुद्धा शेडकडे जात नाही. मी पाप करतेय का? शेड बंद करू का? आणि लेकीला काय सांगू?"

ताई,

लिफ्टिंगच्या रात्री तुम्ही शेडकडे जात नाही, हे तुम्ही कुणी विचारलं नसताना लिहिलंत. मुलीनं तोंडावर विचारलेला प्रश्न तुमच्या मनात आधीपासून होता, हे त्यातून कळतं. म्हणून 'शहरात गेल्या की पोरी अशाच बोलायला लागतात, दुर्लक्ष करा' असं मी तुम्हाला सांगणार नाही. तिच्या बोलण्याची पद्धत चुकली. प्रश्न चुकलेला नाही.

पाप-पुण्याचा निवाडा करायचा अधिकार मला नाही. पण त्या जनावराच्या वाट्याला काय येतं, आणि त्यातलं किती तुमच्या हातात आहे, एवढं आपण नीट बघू शकतो. मांस खाण्यावरच्या भांडणात आपण फक्त शेवटच्या क्षणाबद्दल बोलतो. सुरी, रक्त, जीव घेणं. त्या आधीचे दिवस कसे गेले हे कुणी विचारत नाही. तुम्ही पाळणाऱ्या आहात, त्यामुळे ते दिवस तुमच्या ताब्यात असतात, आणि मला बोलायचंय ते मुख्यतः त्यांच्याबद्दल.

शेडमध्ये येणारं पिल्लू मुळातच कसं घडवलेलं आहे ते तुम्हाला माहीत आहे, पण त्याचा आकडा कदाचित कुणी सांगितला नसेल. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतल्या कोंबड्यांचे वाण एकाच प्रकारचं खाद्य देऊन शेजारी शेजारी वाढवले. त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ५६ दिवसांत १९५७ चा पक्षी सुमारे ९०५ ग्रॅम भरला, २००५ चा ४.२ किलो. खाद्य एकच, फरक सगळा वाणाचा. मांस एवढ्या वेगानं चढतं, पण पाय आणि काळीज त्या वेगानं तयार होत नाहीत. पाचव्या आठवड्यात कोपऱ्यात बसून राहणारे, उठून पाण्यापर्यंत जाऊ न शकणारे, पोटात पाणी झालेले आणि कालपर्यंत धडधाकट दिसून आज उताणे पडलेले पक्षी तुम्ही दर बॅचला उचलून टाकता. त्यातले सगळे तुमच्या हलगर्जीपणानं मेलेले नसतात. बरेचसे त्यांच्या रक्तातच लिहिलेल्या वाढीनं मेलेले असतात.

याच वाणाचे आईबाप तर आणखी वेगळं भोगतात. त्यांना पोटभर खाऊ दिलं तर ते अंडी घालण्याच्या वयापर्यंत धड टिकत नाहीत, म्हणून त्यांना मोजून, कमी खाद्य देतात. लेकरं खाऊन खाऊन थकतात आणि आईबाप जन्मभर भुकेले राहतात. या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलंय, आणि मी त्याचं समर्थन करू शकत नाही.

पण हा वाण तुम्ही निवडलेला नाही. पिल्लू कुठलं येणार, किती दिवसांनी उचलणार, किलोमागे तुम्हाला काय मिळणार, यातलं काहीही तुम्ही ठरवत नाही. उन्हाळ्यात पक्षी मेले की मर तुमच्या हिशेबात लागते, बाजार चढला की फायदा दुसरीकडे जातो. म्हणून मुलीनं सगळी लाज आईच्या पदरात टाकली तेव्हा तिनं साखळीतलं सर्वात सोपं माणूस निवडलं. पुण्यात दर रविवारी स्वस्तात किलोभर चिकन मागणारं गिऱ्हाईक आणि तो दर पाडून देणारी व्यवस्था दोघंही या हिशेबात येतात. तिला हे सांगा. पण 'मग माझ्या हातात काहीच नाही' असं म्हणू नका, कारण ते खरं नाही.

त्या लिफ्टिंगच्या रात्रीचंच बघा. गाडी येते, पोरं उतरतात, प्रत्येकाच्या हातात चार-पाच पक्षी, एकेका पायाला धरलेले, डोकी खाली. पक्षी फडफडतो, सांधा निखळतो, पंख मोडतो. क्रेटमध्ये टाकताना डोकं कडेला आपटतं. त्या पोरांनाही दोष देता येत नाही, त्यांना दोन तासांत गाडी भरायची असते. पण शेड तुमचं आहे आणि रात्रीचा दिवा तुमच्या हातात आहे. उजेड अगदी मंद ठेवला, निळा बल्ब लावला तर पक्षी बरेच शांत राहतात. पक्ष्यांना एका कोपऱ्यात दाबून न आणता जाळीनं छोटे छोटे गट पाडले की चेंगराचेंगरी होत नाही. एका हातात दोन-तीनपेक्षा जास्त पक्षी नकोत, दोन्ही पाय एकत्र धरायचे, क्रेट न आदळता खाली ठेवायचा, हे तुम्ही स्वतः तिथं उभं राहून सांगितलं तर ऐकलं जातं. मालकीण समोर असली की हात आपोआप हळू होतात. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की पुढच्या लिफ्टिंगला शेडमध्ये जा. तुम्हाला त्रास होईल. तरी जा.

बाकीचं तुम्ही बरंचसं करत असाल, पण ते कशासाठी करायचं याचं कारण थोडं बदला. खालचं तूस ओलं राहिलं की अमोनिया धरतो. सकाळी पडदे वर करताना आपल्याच डोळ्यांत पाणी येतं, तर जमिनीपासून वीतभर उंचीवर चोवीस तास श्वास घेणाऱ्या पक्ष्याचं काय होत असेल! त्याच्या तळपायाला फोड येतात, छातीची कातडी जळते. तूस रोज खाली-वर करणं, गळणारे पाण्याचे निप्पल त्याच दिवशी दुरुस्त करणं, गरज पडली तर ओला थर काढून नवा टाकणं, यानं वजनही नीट भरतं आणि जिवालाही बरं वाटतं. मार्च ते मे दरम्यान पक्षी कमी टाकायची मागणी कंपनीच्या सुपरवायझरकडे लेखी करा. पक्ष्यामागे एक चौरस फूट हा हिशेब विट्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पुरत नाही.

आणि जो पक्षी उठणारच नाही हे दिसतंय, त्याला शेवटच्या दिवसापर्यंत तसाच ठेवू नका. मर दिसू नये म्हणून किंवा हात धजावत नाही म्हणून तो पडून राहतो, बाकीचे त्याच्यावरून चालतात आणि तो तहानेनं मरतो. पशुवैद्यकांकडून एका क्षणात जीव जाईल अशी पद्धत शिकून घ्या. ऐकायला कठोर वाटेल, पण तुमच्या शेडमध्ये करता येण्यासारखी ही सर्वात दयेची गोष्ट आहे. औषधांबाबतही एकच विचारा, हे कशासाठी आणि उचलण्याआधी किती दिवस बंद करायचं. कोलिस्टिन हे माणसाच्या शेवटच्या उपायांतलं प्रतिजैविक कोंबड्यांच्या खाद्यात वापरलं जात होतं, म्हणून केंद्र सरकारनं २०१९ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. पुडीवरचं नाव न वाचता काही पाण्यात टाकू नका.

आता मुलीच्या वडिलांच्या बोलण्याकडे येते, कारण 'आपली संस्कृती' या शब्दांखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे खाल्लं गेलं ते काय होतं? परसातली कोंबडी, जी दिवसभर उकिरडा उकरायची, खुडूक व्हायची, पिल्लं काढायची आणि पाहुणा आला तरच कापली जायची. पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे. जत्रेचा बोकड. आषाढात आखाड, मग श्रावण सुरू झाला की सगळं बंद, पुढे नवरात्रात पुन्हा बंद. सोमवार, गुरुवार, एकादशी वेगळी. वर्षाचे कितीतरी दिवस आपल्याकडे मांस शिजत नव्हतं, आणि शिजलं की काही वाया जात नव्हतं. मुंडी, पाय, वजडी, रक्ती, सगळ्याला घरात कुणीतरी खाणारं असायचं. वाटे घालताना हाडांचा आणि मांसाचा समतोल डोळ्यांनी साधणारी माणसं गावात असत. ही संस्कृती खरी आहे, तिची लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि तिला नावं ठेवणाऱ्याला मी तरी ऐकून घेणार नाही. पण पस्तीस-चाळीस दिवसांत दोन किलोचा होणारा पक्षी या संस्कृतीत कुठंच नव्हता. शेडच्या बचावाला आजीच्या परसातली कोंबडी उभी करता येणार नाही. मुलीच्या वडिलांना हे शांतपणे सांगा, भांडण म्हणून नको.

शिवाय ही संस्कृती कधी एका जागी थांबलेली नव्हती. गाडगेबाबा गावोगाव कीर्तनात नवसाच्या बोकडांविरुद्ध बोलत. ते काही परक्या देशातून आलेले नव्हते, आपल्याच मातीतले होते, हातात खराटा घेऊन ज्यांच्या घरी मांस शिजतं अशाच माणसांत उभे राहत होते. मांढरदेवीच्या यात्रेत आज प्रशासन पशुहत्येला मनाई करतं, तरी लोक काळूबाईला जायचे थांबलेले नाहीत, नैवेद्य बदलला. वारकरी घरात एका भावाच्या गळ्यात माळ असते, दुसऱ्याच्या ताटात मटण असतं, आणि दोघं एकाच ओसरीवर बसून जेवतात. मुलगी 'माळकरी' झाली असेल तर तीही याच घरातली एक परंपरा आहे.

लेकीसाठी माझे चार शब्द आहेत, ते तिला वाचायला द्या.

बाळा, तू खाणं सोडलंस ते पक्ष्याचे हाल तुला पाहवत नाहीत म्हणून. हे कारण चांगलं आहे, ते जप. पण पुण्यात हेच ताट दुसऱ्या कारणानंही मांडलं जातं. खोली भाड्यानं शोधताना 'नॉनव्हेज चालणार नाही' ही अट तू वाचली असशील. त्या अटीमागे कोंबडीची दया क्वचितच असते. कोण कुठल्या घरात जन्मलं आणि त्याच्या हातचं चालतं की नाही, हा जुना हिशेब बहुतेक वेळा तिथं असतो. तुझ्या आईच्या, आजीच्या स्वयंपाकाला ज्या नजरेनं शतकानुशतकं अपवित्र ठरवलं, ती नजर नकळत तुझ्यात शिरू देऊ नकोस. हालांबद्दल बोल, जरूर बोल. 'घाण', 'किळस', 'लाज' हे शब्द आईच्या बाबतीत वापरू नकोस.

आणि चहात दूध घेत असशील तर त्या गोठ्यातही डोकावून ये. गाय दूध देते ती व्याल्यावर, आणि व्यालेल्यांतली साधारण निम्मी वासरं नर असतात. ट्रॅक्टर आल्यावर संकरित गोऱ्ह्याला शेतात काम उरलं नाही. राज्यात २०१५ पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे. ज्या शेतकऱ्याला चारा विकत घ्यावा लागतो, त्याच्या दारातला तो गोऱ्हा पुढे कुठं जातो हे कुणी विचारत नाही. बरेच अर्धपोटी मरतात, काही रात्री कुठंतरी सोडून दिले जातात. अंड्यांच्या धंद्यातही तेच. अंडी देणाऱ्या वाणाचं नर पिल्लू मांसासाठी परवडत नाही, म्हणून जन्मल्या दिवशीच मारलं जातं. जर्मनीनं २०२२ पासून त्यावर कायद्यानं बंदी आणली, आपल्याकडे अजून नाही. तू अंडी सोडलीस, दूध सोडलं नसशील. तुला खोटं ठरवायला मी हे सांगत नाही. पूर्ण स्वच्छ हात कुणाचेच नाहीत, एवढं लक्षात ठेवून आईशी बोललीस तर आवाज आपोआप खाली येईल.

तुझ्याकडे इंग्रजी आहे, इंटरनेट आहे. भारताच्या विधी आयोगानं २०१७ मध्ये अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्या कशा ठेवाव्यात, कशा न्याव्यात यावर अहवाल दिला, त्याचा क्रमांक २६९. तो वाच आणि आईला मराठीत समजावून सांग. कत्तलखान्यांसाठी २००१ चे नियम आहेत, त्यात एका जनावरासमोर दुसरं कापू नये असं स्पष्ट लिहिलंय. तुमच्या कॉलेजच्या रस्त्यावरच्या चिकन सेंटरात क्रेटमधले पक्षी काय बघत असतात ते तू रोज बघतेस. तिथं बोल, तिथं तुझ्या रागाचा उपयोग आहे.

ताई, आता शेड बंद करायचं का ते बघू. कर्ज डोक्यावर असताना, मुलीचं शिक्षण अर्ध्यात असताना आज बंद करा असं मी सांगणार नाही. तुम्ही बंद केलं तरी कंपनी तीच पाच हजार पिल्लं शेजारच्या शेडमध्ये टाकेल, आणि तिथं निळा बल्ब कुणी लावेलच असं नाही. पण कायमचं चालवा असंही सांगणार नाही. कर्जाचे किती हप्ते राहिलेत ते कागदावर मांडा आणि ते संपल्यावर याच शेडचं काय करायचं हे आतापासून ठरवायला लागा.

वनराज, गिरिराज यांसारखे हळू वाढणारे, मोकळे फिरू शकणारे वाण आहेत. त्यांना दिवस जास्त लागतात, म्हणून कंपनीच्या गणितात ते बसत नाहीत, पण थेट गिऱ्हाईक मिळालं तर गावरानच्या जवळपास दर मिळतो. गिऱ्हाईक आधी, पिल्लं नंतर, हा क्रम मोडू नका. तुमच्याच भागात काही वर्षांपूर्वी कडकनाथ कोंबड्यांच्या नावाखाली 'पिल्लं आम्ही देतो, अंडी-पक्षी आम्हीच विकत घेतो' असं सांगून किती घरं बुडवली ते तुम्ही पाहिलंय. जो आधी तुमचे पैसे मागतो आणि नंतर खरेदीची हमी देतो, त्याला दारातूनच परत पाठवा.

दुसरा रस्ता शेळ्यांचा. उस्मानाबादी शेळी कोरड्या भागात तगते, बऱ्याचदा जुळी देते, बाभळीच्या शेंगा आणि बांधावरचा पाला खाते. मागच्या दोन पायांवर उभी राहून ती फांदी ओढते तेव्हा तिला बघायला लहानथोर थांबतात. तिलाही शेवटी खाटकाकडेच जायचंय, हे मी लपवत नाही. पण तिचे आधीचे महिने तिचे स्वतःचे असतात. जनावर मांसासाठी पाळावं का, या प्रश्नावर लेक आणि तुम्ही कधीच एकमतावर येणार नाही कदाचित. पाळायचंच असेल तर त्याला त्याच्या जातीसारखं जगायला मिळालं पाहिजे, यावर मात्र तुम्ही दोघी आजही एका बाजूला आहात. तुम्ही लिफ्टिंगच्या रात्री घरात बसून राहता, ती पुण्यात जागी राहते. कारण एकच आहे.

राहता राहिली जत्रा. बोकड पाडायचा की नाही हे एकट्या लेकीनं ठरवायचं नाही आणि एकट्या वडिलांनीही नाही. नवस कुणाचा आहे ते आधी बघा. जिनं बोललाय त्या आजी असतील तर त्यांचं मन मोडू नका, पण नारळावर नवस फिटतो का ते त्यांनाच विचारा. पुष्कळ घरांत तो फेडला गेलाय, आणि म्हाताऱ्या माणसांना हे आपल्यापेक्षा लवकर पटतं. ठरलंच, तर बोकडाला आदल्या दिवसापासून देवळापुढच्या उन्हात, गर्दीत बांधून ठेवू नका. सावलीत ठेवा, पाणी द्या. मुलाण्यांना सांगा की सुरी धार लावलेली हवी आणि दुसऱ्या बोकडांच्या नजरेआड न्यायचं. तेही हेच पसंत करतील, या कामातला जाणता माणूस घाई करत नाही. लहान पोरांना बघायला उभं करू नका.

आणि लेकीला यायला सांगा. तिच्यासाठी काळ्या घेवड्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी, भाकरी सकाळी आधी करा, वेगळ्या भांड्यात, मटण चुलीवर चढायच्या आत. उरलंसुरलं 'हिच्यासाठी काहीतरी' असं नको, पाहुण्यांनाही वाढता येईल एवढं भरपूर करा. तिनं पंगतीत बसावं, आणि कुणाच्या ताटाकडे बघून बोलू नये. तिच्या ताटाकडे बघून कुणी बोललं तर तिथं तुम्ही बोला, तिला बोलावं लागू नये. जमलं तर तिला चार दिवस आधीच बोलवा, बॅच उचलली जाणार असेल त्याच सुमारास. शेडमध्ये एका माणसाच्या हातात दिवा आणि दुसऱ्याच्या हातात जाळी लागते. ती यायला तयार होते का बघा, आणि काय झालं ते मला कळवा.